कोबेची पहिली रुग्ण: एकच आजार, तीन प्रकारच्या मूलपेशी

शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने नजर तपासली, तर ती होती तेवढीच निघाली. सुधारली नाही, घसरलीही नाही. ज्या उपचाराच्या तयारीवर सुमारे १० कोटी येन खर्च झाल्याच्या बातम्या आल्या, त्याचा निकाल हा असा. तरीही जपानमधल्या कोबे शहरातली डोळ्याची ही शस्त्रक्रिया मूलपेशींच्या, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनतात त्या ‘स्टेम सेल’च्या, इतिहासातली मोलाची घटना मानली जाते. मला ते पटतं, पण पटण्याचं कारण ‘जगात पहिल्यांदा झालं’ हे नाही. खरं कारण दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत काय घडलं, त्यात आहे. तिथपर्यंत पोचायला प्रकरण सुरुवातीपासून बघायला हवं.

रुग्ण आणि आजार

रुग्ण म्हणजे जपानच्या ह्योगो प्रांतातल्या ७७ वर्षांच्या बाई. आजार वयपरत्वे होणाऱ्या मॅक्युलर डीजनरेशनचा, डॉक्टर ज्याला ‘एएमडी’ म्हणतात. आणि त्यातलाही ‘ओला’ प्रकार. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध जो पीतबिंदू असतो त्याच्यावर हा आजार घाला घालतो. कडेचं दिसत राहतं. माणूस घरात फिरतो, दारातून नीट आत येतो, पण समोरच्याचा चेहरा ओळखता येत नाही, पेपरातली ओळ मधेच पुसल्यासारखी होते, फरशीच्या सरळ रेघा वाकड्या दिसतात. घरच्यांना वाटतं, ‘एवढं दिसतंय तर मग वाचायला काय होतं?’

पडद्यातल्या ज्या पेशी प्रकाश टिपतात त्यांच्या मागे आणखी एक थर असतो. त्याचं नाव रेटिनल पिगमेंट एपिथेलियम, थोडक्यात आरपीई. जेमतेम एका पेशीच्या जाडीचा हा तपकिरी थर दोन कामं करतो: प्रकाश टिपणाऱ्या पेशींना पोसतो आणि त्यांचा कचरा उचलतो. या पेशी आपल्या टोकांचा सुमारे दहावा भाग रोज टाकून देतात. आरपीई तो गिळते आणि पचवते. हे काम जन्मभर बिनबोभाट चालतं. अडचण एवढीच की मोठ्या माणसात आरपीईच्या पेशी जवळपास विभागत नाहीत. गेल्या त्या गेल्या. त्या गेल्या की त्यांच्यावर विसंबलेल्या प्रकाशग्राही पेशीही मागोमाग जातात.

ओल्या प्रकारात खालच्या थरातून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वर घुसतात, पाझरतात, फुटतात आणि शेवटी तिथे व्रण धरतो. यावर डोळ्यात द्यायची अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शनं आहेत आणि ती खरोखर चांगली आहेत. त्यांच्यामुळे असंख्य लोकांची नजर वाचली आहे. मात्र ती रक्तवाहिन्यांना आवर घालतात, मेलेली आरपीई परत आणत नाहीत. या बाईंना अशी अनेक इंजेक्शनं होऊनही नजर उतरतच होती.

पेशी आणायच्या कुठून?

गरज स्पष्ट होती: आरपीईचा एक निरोगी तुकडा. मूलपेशींचे प्रकार कळून घ्यायचे तर प्रश्न असाच विचारावा. अमुक पेशी किती ‘ताकदवान’ आहे हे बाजूला ठेवून, मला हवी ती पेशी हिच्यापासून बनते का आणि बनवल्यावर ती शरीरात नीट वागेल का, एवढं बघावं.

प्रौढ शरीरात मूलपेशी असतात, पण त्या आपापल्या घरापुरत्या कामाच्या. अस्थिमज्जेतली मूलपेशी रक्त बनवते, कातडीतली कातडी. हा साठा वैद्यकाने सगळ्यात आधी वापरला. ई. डॉनल थॉमस यांना अस्थिमज्जा रोपणासाठी १९९० चं नोबेल मिळालं, आणि भारतात हे रोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये सुरू झालं. आज रक्ताच्या काही कर्करोगांत तो नेहमीचा उपचार आहे. पण रक्ताच्या मूलपेशीला आरपीई बनायला सांगून उपयोग नाही.

दुसरा प्रकार भ्रूणीय मूलपेशींचा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये माणसाच्या पाचेक दिवसांच्या भ्रूणातून त्या वेगळ्या करून वाढवल्या. शरीरातली जवळपास कुठलीही पेशी त्यांच्यापासून बनू शकते, आरपीई तर तुलनेने सहज. इथे दोन प्रश्न उभे राहिले. त्यासाठी भ्रूण मोडावा लागतो, हा पहिला. दुसरा, त्या पेशी परक्या असतात, म्हणून शरीर त्या नाकारू शकतं.

तिसरा प्रकार क्योतोत जन्मला. शिन्या यामानाका आणि त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी भ्रूणीय पेशींत जागे असणारे २४ जनुक निवडले, ते उंदराच्या साध्या पेशीत घातले, मग एकेक काढून बघत चारांवर आले. हे चार घातले की तयार झालेली, मुरलेली पेशी मागे फिरते आणि भ्रूणीय पेशीसारखी कोरी होते. हे २००६ सालचं. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही जमलं, क्योतोत आणि विस्कॉन्सिनमध्ये एकाच सुमाराला. या पेशींचं नाव आयपीएस. यामानाका आणि बेडकांवर १९६२ मध्येच याची पायवाट पाडणारे जॉन गर्डन यांना २०१२ चं नोबेल विभागून मिळालं. त्या चार जनुकांतला एक, सी-मिक, कर्करोगाशी संबंध असलेला आहे, ही गोष्ट मनात ठेवावी. पुढे तिचा संदर्भ लागेल.

आता भ्रूण नको, परकी पेशीही नको. रुग्णाच्याच कातडीचा तुकडा घ्यायचा, त्याचं आयपीएस करायचं, आयपीएसची आरपीई करायची आणि तिच्याच डोळ्यात ठेवायची. कागदावर याहून सुंदर काय असणार!

हे करायला घेतलं मासायो ताकाहाशी यांनी. त्या मूळच्या नेत्रतज्ज्ञ, तेव्हा कोबेच्या रिकेन संस्थेच्या विकास-जीवशास्त्र केंद्रात काम करणाऱ्या. (काझुतोशी ताकाहाशींशी आडनावापुरतंच साम्य, त्यांचे पती जून ताकाहाशी मात्र पार्किन्सनवर आयपीएस पेशी वापरण्याच्या कामातले मोठे नाव.) पहिल्या प्रयोगासाठी डोळा निवडणं हे शहाणपणाचं होतं. पेशी थोड्या लागतात. बुबुळातून आत पाहून आणि पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅन काढून कलम, म्हणजे लावलेला तुकडा, रोज तपासता येतं. शरीराची प्रतिकारशक्ती इथे जरा नमती असते. आणि काही वाईट उगवलंच, तर ते वेळेत दिसतं आणि लेझरने जाळता येतं. यकृतात किंवा मेंदूत यातली एकही सोय नाही.

तुकडा तयार होताना

बाईंच्या दंडावरून कातडीचा छोटा तुकडा घेतला. त्या पेशींत जनुक पोचवायला असं वाहन वापरलं, जे पेशीच्या डीएनएत कायमचं शिरून बसत नाही. सी-मिकसारख्या जनुकाचं ओझं मागे राहू नये म्हणून ही काळजी. मग तयार झालेल्या आयपीएस पेशी आरपीईच्या दिशेने वळवल्या. यातली एक गोष्ट मला फार आवडते: आरपीई बनली की ते डोळ्यांना दिसतं. थाळीत तपकिरी रंग चढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली षटकोनी पेशी एकमेकींना चिकटून रांगोळीच्या ठिपक्यांच्या जाळीसारख्या बसलेल्या दिसतात. मधे एखादी भलतीच पेशी राहिली असेल तर ती बिनरंगाची, बेढब, लगेच नजरेत भरणारी.

या पेशींचा पापुद्रा कोलॅजेनच्या थरावर वाढवून, नंतर ते कोलॅजेन विरघळवून मोकळा केला. म्हणजे डोळ्यात जाणार फक्त पेशी आणि त्यांनी स्वतः विणलेलं अस्तर, खाली कुठलंही प्लॅस्टिक नाही. तो लेझरने कापला: १.३ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर लांब. साबुदाण्याच्या दाण्यावर मावेल एवढा. एवढ्यासाठी कातडी घेण्यापासून कित्येक महिने गेले. मधे उंदरांत पेशी टोचून गाठ होते का ते पाहणं, डीएनए वाचणं, शुद्धतेच्या चाचण्या, सगळं आलं.

तो काळ रिकेनच्या या केंद्रासाठी भयंकर होता. त्याच इमारतीतून जानेवारी २०१४ मध्ये ‘स्टॅप’ पेशींचे शोधनिबंध निघाले होते: साध्या पेशी आम्लात बुडवल्या की कोऱ्या होतात, असा दावा. कोणालाच तो प्रयोग जमेना, चित्रांत फेरफार सापडले आणि जुलैत निबंध मागे घेतले गेले. ताकाहाशी यांनी संस्थेच्या कारभारावर ट्विटरवरून उघड नाराजी व्यक्त केली, रुग्णांवरच्या प्रयोगांचाही फेरविचार करावा लागेल असं लिहिलं. ऑगस्टमध्ये केंद्राचे उपसंचालक योशिकी सासाई यांचं दुःखद निधन झालं. भ्रूणीय पेशींपासून थाळीत डोळ्याच्या पडद्याचा पेला घडवणारा हा माणूस. ‘कोबेतून आलेल्या मूलपेशी’ म्हटलं की लोक भुवया उंचावत होते. अशा वेळी ७७ वर्षांच्या बाईंना ऑपरेशन टेबलवर घ्यायचं, म्हणजे छाती लागते.

१२ सप्टेंबर २०१४

शस्त्रक्रिया यासुओ कुरिमोतो यांच्या पथकाने केली. सुमारे दोन तास लागले. आधी पडद्याखालची रक्तवाहिन्यांची आणि व्रणाची गुंतवळ काढली, मग त्या जागी तपकिरी तुकडा सरकवला. पेशी तिच्याच असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली नाहीत.

वर्षानंतरचा हिशेब असा: तुकडा जागच्या जागी, शाबूत. नकाराची चिन्हं नाहीत. गाठ नाही. पीतबिंदूला थोडी सूज होती. नजर आधीइतकीच. चार वर्षांच्या पाठपुराव्यातही कलम टिकून असल्याचं आणि काही विपरीत न घडल्याचं पुढे प्रसिद्ध झालं.

नजर का सुधारली नाही, याचं उत्तर अवघड नाही. त्यांचा आजार जुना होता. आरपीई गेल्यावर वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या प्रकाशग्राही पेशी मेलेल्या असतात, आणि खाली नवीन थर घातला म्हणून त्या उठून बसत नाहीत. शिवाय हा प्रयोग नजर परत आणण्यासाठी नव्हताच. इजा होते का, एवढंच पाहायचं होतं. पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचा हा अर्थ वर्तमानपत्री मथळ्यांत नेहमी हरवतो.

जी शस्त्रक्रिया झाली नाही

योजना सहा जणांची होती. दुसऱ्या रुग्णासाठी, ६८ वर्षांच्या एका गृहस्थांसाठी, पेशी तयारही झाल्या. तुकडा करायचा आणि लावायचा, एवढंच बाकी. डीएनए वाचताना त्यांच्या आयपीएस पेशींत तीन ठिकाणी डीएनएचे भाग गळालेले सापडले. त्यामुळे गाठ होईलच, असा पुरावा कोणाकडेही नव्हता. आपल्या अंगातल्या पेशींतही वयानुसार असले बदल साठत असतातच. मांडवली करायला पुरेपूर वाव होता: पैसा खर्च झालेला, जगाचं लक्ष लागलेलं, रुग्ण वाट पाहत बसलेला.

ताकाहाशींच्या पथकाने शस्त्रक्रिया केली नाही. २०१५ मध्ये प्रयोग थांबवला. दरम्यान जपानात पुनर्जनन उपचारांच्या (खराब झालेल्या ऊती नव्या पेशींनी भरून काढण्याच्या) सुरक्षिततेचा नवा कायदा नोव्हेंबर २०१४ पासून लागू झाला होता, त्याचाही या निर्णयावर परिणाम झाला.

प्रत्येकासाठी स्वतःच्याच पेशी, ही कल्पना इथे ठेचकाळली. दर रुग्णामागे एक नवा कारखाना उभारायचा, तोच खर्च, त्याच चाचण्या, आणि शेवटी पेशी नापास होण्याची शक्यता दर वेळी नव्याने. म्हणून ताकाहाशींनी रस्ता बदलला. क्योतोत यामानाकांच्या संस्थेने निवडक दात्यांच्या आयपीएस पेशींचा साठा केला होता. या दात्यांचे ऊतक-गट असे, की ते जपानमधल्या पुष्कळ लोकांना जुळावेत. या साठ्यातून बनवलेली आरपीई २८ मार्च २०१७ रोजी साठीतल्या एका गृहस्थांच्या डोळ्यात टोचली गेली, या वेळी तुकड्याऐवजी द्रवात तरंगणाऱ्या अडीच लाख पेशी. असे पाच रुग्ण झाले. त्यातल्या एकाच्या पडद्यावर पातळ पापुद्रा धरला आणि सूज आली, म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करून तो काढावा लागला. हे त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये स्वतः जाहीर केलं.

लंडनचा ठिगळ

तोच आजार, दुसरी पेशी. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयात लिंडन दा क्रूझ आणि युनिव्हर्सिटी कॉलेजचे पीट कॉफी यांनी भ्रूणीय मूलपेशींपासून आरपीई बनवली, ती पातळ पॉलिएस्टरच्या पटलावर चढवली आणि दोन रुग्णांच्या डोळ्यांत ठिगळासारखी बसवली. ठिगळ ६ मिलिमीटर लांब, ३ मिलिमीटर रुंद. पेशी परक्या, म्हणून डोळ्यातल्या डोळ्यात स्टिरॉइडचं रोपण. वर्षभराने एका रुग्णाला तक्त्यावरची २९ अक्षरं जास्त वाचता आली, दुसऱ्याला २१. निबंध २०१८ चा.

मग भ्रूणीय पेशी आयपीएसपेक्षा सरस ठरली का? असा निष्कर्ष काढू नये. लंडनच्या रुग्णांची नजर अचानक, नुकतीच गेली होती. वरच्या प्रकाशग्राही पेशी अजून जिवंत होत्या. खालून आधार मिळताच त्या कामाला लागल्या. कोबेच्या बाईंकडे वाचवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. फरक पेशीच्या उगमाचा कमी आणि वेळेचा जास्त. दोन रुग्णांवरून याहून अधिक बोलणंही बरोबर नाही.

त्याच अंकातला दुसरा निबंध

कोबेच्या बाईंचा अहवाल १६ मार्च २०१७ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्याच अंकात फ्लोरिडाच्या डॉक्टरांनी तीन स्त्रियांची हकिगत छापली. वयं ७२ ते ८८. आजार तोच, एएमडी. एका क्लिनिकने त्यांच्या पोटाची चरबी काढली, विकराने पेशी सुट्या केल्या, ‘तुमच्याच मूलपेशी’ म्हणत त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. काम तासाभरात आटोपलं. दोघींनी प्रत्येकी ५,००० डॉलर मोजले होते. काही दिवसांतच डोळ्यांत रक्तस्राव, पडदा सुटणं, दाब वाढणं सुरू झालं. आधी ज्यांना बऱ्यापैकी दिसत होतं, त्यांची नजर वर्षभरात जवळपास गेली. एकीला तर उजेड-अंधारही कळेनासा झाला.

चरबीतही मूलपेशी असतात, हे खरं. पण तिथून निघणाऱ्या गाळात त्या थोड्या आणि व्रण विणणाऱ्या पेशी भरपूर. त्या डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरात, म्हणजे भलत्याच जागी पडल्या. तिथे आकसणारे पापुद्रे धरतात आणि ते पडद्याला ओढून सोडवतात. यात आरपीई कुठेच नाही. चरबीची पेशी डोळ्यात गेली की तिथलं काम आपोआप शिकेल, हा विश्वास शास्त्राचा नव्हे. पुढे २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या संघीय न्यायालयाने अन्न व औषध प्रशासनाच्या बाजूने निकाल देऊन त्या क्लिनिकच्या चरबीच्या उपचारांना चाप लावला. त्या स्त्रियांच्या डोळ्यांना त्याचा उपयोग नव्हता.

शब्द दोन्हीकडे सारखे होते: ‘स्वतःच्या मूलपेशी’. एकीकडे एका तुकड्यासाठी महिनोन्महिने, एकाच आणि आधीच अधू झालेल्या डोळ्यात, आणि शंका येताच माघार. दुसरीकडे तासाभरात, दोन्ही डोळ्यांत, पैसे घेऊन.

आपल्याकडे

प्रौढ मूलपेशी डोळ्यात चालतच नाहीत, असा अर्थ यातून निघत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्र संगवान यांच्या पथकाने त्यांचा उत्तम उपयोग करून दाखवला आहे. चुन्याची पुडी फुटून लहान मुलाच्या डोळ्यात जाते, बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी जळतात आणि पारदर्शक बुबुळ पांढरं पडतं. तिथे दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा २ बाय २ मिलिमीटरचा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून जळलेल्या बुबुळावर पेरतात. बुबुळाच्या कडेची पेशी बुबुळाचंच आवरण बनवते. तिला परकं काही शिकवायचं नाही, म्हणून हे जमतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रोपण वगळता मूलपेशींचे बहुतेक उपयोग ‘उपचार’ म्हणून विकायचे नाहीत, ते मान्यताप्राप्त चाचणीतच करायचे. तरीही पाठदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर मूलपेशी सुचवणारे फलक आपल्या शहरांत दिसतातच, आणि बाळाच्या नाळेतलं रक्त साठवण्याच्या जाहिराती तर प्रसूतिगृहाच्या दारातच भेटतात. बाळाचा आजार जनुकीय असेल, तर साठवलेल्या त्याच्याच रक्तातही तो दोष असणार, ही साधी गोष्ट त्या जाहिरातीत लिहिलेली नसते.

एएमडी झालेल्या वडीलधाऱ्यांना कोणी मूलपेशींचं इंजेक्शन सुचवलं, तर पहिली सवय म्हणजे ‘नोंदणीकृत चाचणी आहे का’ असं विचारणं. ते विचारावंच, पण तेवढ्यावर थांबू नये: फ्लोरिडाचा तो प्रकारही अमेरिकेच्या सरकारी चाचणी-यादीत नोंदलेला होता, आणि निदान काही रुग्णांना आपण संशोधनात भाग घेतोय असंच वाटत होतं. म्हणून पुढचे प्रश्न नेमके असावेत. डोळ्यात जाणारी पेशी नक्की कोणती: आरपीई की दुसरी काही? ती कुठल्या प्रयोगशाळेत, किती दिवसांत तयार होते? डीएनए आणि गाठीची तपासणी कोण करतं, आणि पेशी नापास झाल्या तर काय करता? चाचणी असेल तर पैसे कशाचे? आणि दोन्ही डोळे एकाच दिवशी करायचं म्हणत असतील, तर पुढचं काही न ऐकता घरी यावं.